समुद्री कासव की गोड्या पाण्यातला खेकडा? निरीक्षणासाठी कोणाला निवडावं

एकाच प्राण्याचं सलग निरीक्षण करायचं ठरवलंय आणि मन या दोघांत अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी आधी कासवांमागे होतो, आता ओढ्याकाठी असतो.

कासवाची ओढ जबरदस्त असते, हे मान्य. मादी रात्री वाळूवर येते, मागे वळून न बघता मागच्या पायांनी खड्डा कोरते, शंभराच्या आसपास अंडी घालते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून जे झिरपतं, ते शरीरातलं जादा मीठ. पिल्लू नर की मादी, हेही वाळूची ऊब ठरवते. जास्त उबेत माद्या जास्त. हे समोर घडताना पाहिलं की माणूस गप्प होतो.

माझं अडलं ते अंधारापाशी. उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परतू शकते, म्हणून टॉर्च बंद. ते योग्यच आहे. पण अंधारात लिहिलेल्या ओळी सकाळी एकमेकींवर चढलेल्या असायच्या. कितीतरी रात्री मी पोहोचेपर्यंत वाळूवर फक्त तिचा माग उरलेला असे. पुन्हा एखादी आलीच, तर ती तीच का, हे मला कधी ओळखता आलं नाही. नर तर सहसा किनाऱ्यावर येतच नाहीत.

खेकड्याचं बीळ कालच्याच जागी असतं. डावी नांगी तुटलेला एक नर मी बरेच महिने पाहिला. कात टाकल्यावर तिथे इवलीशी नांगी आली, पुढच्या कातीनंतर ती वाढली. मादीच्या पोटाखालच्या अंड्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर पडतात; समुद्री खेकड्यांसारखी पाण्यावर तरंगत जाणारी अळी नसते. पिल्लं दूर वाहून जात नाहीत, म्हणून डोंगराआड जात बदललेली सापडू शकते. समुद्री कासवांच्या जाती 7, गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या 1300 च्या वर. अर्थात त्यामुळेच नेमकी जात ओळखणं अवघड. त्यासाठी जाणकारच लागतो.

भव्यतेची ओढ असेल तर कासवच निवडा, मी अडवणार नाही. रोज थोडं थोडं कळत जावं असं वाटत असेल, तर मला खेकडा बरा वाटतो. बिळापासून चार पावलं मागे बसा. चाहूल लागली की तो आत जातो. न हलता थांबलात तर थोड्या वेळाने आधी देठांवरचे दोन डोळे वर येतात.