रिफ्रॅक्टोमीटर: गोड्या पाण्याची टाकी खारी करण्याआधी घ्यायची वस्तू

तीन फुटी टाकीतले एंजल आणि टेट्रा देऊन टाकून तिथं क्लाऊनफिश सोडायचे ठरले, की पैसे आधी लाइट आणि स्किमरवर (पाण्यातली घाण फेसासोबत बाहेर काढणारं यंत्र) जातात. सोलापुरात पहिली खरेदी रिफ्रॅक्टोमीटरची हवी, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजणाऱ्या मीटरची. ऑनलाइन मिळणारा, हातात धरून डोळ्याला लावायचा, कुठल्याही नावाने विकला जाणारा साधा मीटर पुरतो. पाचपैकी चार तारे. एक तारा कशाचा कापला, ते पुढे येईलच.

इथला उन्हाळा ४२-४३ अंशांचा आणि हवा कोरडी. मरीन टाकी २५-२७ अंशांवर ठेवायची तर निदान पंखा पाण्यावर सोडावा लागतो, आणि पंखा गारवा देतो तो पाणी उडवूनच. तीन फुटी टाकीतून मे महिन्यात दिवसाला तीन-साडेतीन लिटर सहज जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. टाकीत १२० लिटर पाणी ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) असेल आणि लग्नाला म्हणून घर तीन दिवस बंद राहिलं, तर आकडा ३८ च्या आसपास जातो. मासे एकवेळ निभावतात, कोळंबी आणि गोगलगायीला ते जास्त जड जातं. म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. गोड्या टाकीची सवय असलेल्यांची पहिली चूक इथंच होते.

डब्यात मीटर, ड्रॉपर, बारका स्क्रूड्रायव्हर आणि पुसायचं फडकं येतं. प्रिझमवर दोन-तीन थेंब, झाकण हळू टेकवायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे बघायचं. वर निळं, खाली पांढरं. दोन्हींच्या सीमेवरचा आकडा वाचायचा. सीमा धुरकट दिसली तर थेंब कमी पडलेत किंवा काचेवर मीठ वाळलंय. मोजून झालं की आरओच्या पाण्याने धुवायचं आणि डब्यातल्याच फडक्याने टिपायचं. टॉवेलांचं गाव असलं तरी इथं टॉवेल नको. त्याचा एक धागा झाकणाखाली अडकला की झाकण नीट टेकत नाही.

आता कापलेला तारा. सोबतच्या कागदावर शुद्ध पाण्याने शून्य लावा असं असतं. यातले बरेच मीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. शून्यावर बरोबर असलेला असा मीटर खऱ्या ३५ ला साधारण ३६.५ दाखवतो. तुम्ही तो बघून ३५ वर आणता आणि टाकीत असतं ३३.५. उपाय स्वस्त आहे: ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घ्या आणि स्क्रू फिरवून सीमा थेट ३५ वर आणा. द्रावण मिळेपर्यंत सराफी छोट्या काट्यावर ३.६५ ग्रॅम कोरडं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम आरओ पाणी मोजून घ्या; त्यातून प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्रपाण्याइतकाच वाकतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमचा काटा इतक्या कमी मिठाला चालत नाही. आणि हे द्रावण फक्त मीटरसाठी, टाकीत ओतायला नाही.

दुसरी गोम तापमानाची. मीटरमधलं एटीसी म्हणजे तापमानाप्रमाणे आकडा आपोआप सावरणं, पण ते बहुतेक मीटरांत १० ते ३० अंशांपुरतंच. मे महिन्यात दुपारी घरातच ३५ च्या वर असतं. तेव्हा पहाटे मोजा, नाहीतर मीटर अर्धा तास कूलरच्या खोलीत ठेवून मग मोजा. लाइटच्या हुडावर तो ठेवूच नका. उन्हाळ्यात दर आठवड्याला ३५ चं द्रावण घालून तपासा, एरवी महिन्यातून एकदा पुरे.

टाकी खारी करताना मीटर पहिल्यांदा लागतो मीठ कालवताना. १२० लिटरला सिंथेटिक मरीन सॉल्ट साडेचार किलोच्या आसपास. पण पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, वजन फसवतं, म्हणून मीटरवर विश्वास ठेवायचा. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर (शुद्ध पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळणारी चावी) असेल तर तो बंद करा, नाहीतर बोअरचं जड पाणी परत मिसळत राहतं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा आरओचे जार त्याच दिवशी भरून ठेवावेत. मीठ ड्रममध्ये पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप) लावून २४ तास फिरवा आणि मगच मोजा. लगेच मोजलं तर न विरघळलेलं मीठ हिशेबात येत नाही.

जुन्या सेटमधली काच, स्टँड आणि हिवाळ्यासाठी हीटर चालतात. खडी, लाकूड, झाडं बाहेर. फिल्टरमधले जुने बॅक्टेरिया ३५ पीपीटीत कामाचे राहत नाहीत. सायकल, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टाकीत तयार होणं, पुन्हा शून्यापासून, चार ते सहा आठवडे. टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर कोळंबी-प्रवाळांसाठी ती टाकी विसरा, तांबं खडीत आणि सिलिकॉनमध्ये मुरतं. समुद्रातून उचललेले प्रवाळाचे दगड कुणी देऊ केले तरी घेऊ नका: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. कोरडा सिरॅमिक रॉक आणि अॅरागोनाइट (चुन्याच्या खनिजाची) वाळू यांवर भागतं.

काटेवाला प्लॅस्टिक हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा चढा येतो आणि काट्यावर मिठाचा थर बसला की उतरता. असलाच घरात तर फेकू नका, ड्रममध्ये पहिला अंदाज घ्यायला तो पुरतो.