गोळी भरवण्याची पिचकारी: तीन महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तेरा वर्षांच्या बोक्याला थायरॉइडच्या अतिस्रावाचा विकार असल्याचे रक्ततपासणीत निघाले आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी, तीही बहुधा आयुष्यभर, असा नेम आमच्या मागे लागला. मेथिमाझोलची ही गोळी करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते. पण खाण्यात दडवली, की ताटली चाटूनपुसून स्वच्छ होते आणि मधोमध गोळी तेवढी उरते. आमच्या गोळीला वरून लेप असल्यामुळे ती कुटण्याची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात दोन बोटांना सुळे लागल्यावर मी गोळी भरवण्याची पिचकारी विकत आणली.

सिरिंजसारखी दिसणारी ही वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी आहे. आत दट्ट्या, आणि टोकाला चीर दिलेली मऊ रबराची टोपी. चिरेत गोळी अडकवायची, टोक तोंडात न्यायचे आणि दट्ट्या दाबायचा, एवढेच तिचे काम. गोळी जिभेच्या पुढच्या भागावर पडली तर मांजर ती क्षणात बाहेर ढकलते. जिभेच्या मुळाशी पडली तर गिळण्याची क्रिया आपोआप सुरू होते. बोटाने तिथवर पोहोचणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे. पिचकारीने ते आमच्यासारख्या नवशिक्यांनाही जमते आणि बोटे सुळ्यांच्या मध्ये येत नाहीत.

अर्थात, हातोटी लागतेच. बोक्याला टॉवेलात गुंडाळून त्याची पाठ माझ्या पोटाशी टेकवायची, डावा हात डोक्यावरून घेऊन अंगठा आणि बोटे दोन्ही गालफडांच्या हाडांवर ठेवायची आणि नाक किंचित वर करायचे. एवढ्याने खालचा जबडा सैल पडतो. मग उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालच्या बारीक दातांवर हलका दाब द्यायचा आणि त्याच हातातली पिचकारी आत सरकवायची. गोळी सुटताच तोंड मिटून धरायचे. त्याने जिभेने नाक चाटले, की बहुतेक वेळा गोळी घशाखाली उतरलेली असते. ‘बहुतेक वेळा’ असे म्हणतो, कारण एकदा नाक चाटून, वर घुरघुरूनही दाखवून स्वारी निघून गेली आणि तासाभराने अर्धवट विरघळलेली गोळी सोफ्यामागे सापडली.

माझी मुख्य तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. गोळी दिल्यावर पाणी पाजावे, याचा त्यात उल्लेखच नाही. मांजराला कोरडी गोळी दिली तर ती अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहू शकते. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिनसारखे औषध असेल तर तिथे दाह होऊन पुढे अन्ननलिका आकुंचन पावण्याचाही धोका असतो. म्हणून गोळीमागोमाग पाच-सहा मिलीलिटर पाणी पाजण्यास किंवा लगेच थोडे ओले खाणे देण्यास पशुवैद्य सांगतात. रबरी टोपी काढून हीच पिचकारी पाण्यासाठी वापरता येते, असा उत्पादकाचा दावा आहे. परंतु दट्ट्या अडखळत सरकतो आणि सगळे पाणी एकदम येते, त्यामुळे ते श्वासनलिकेत जाण्याची भीती वाटते. मी साधी सिरिंज वेगळी ठेवली आहे. तिचे टोक सुळ्यामागच्या गालाच्या पोकळीत ठेवून, मान मागे न वाकवता, थेंबाथेंबाने पाणी सोडतो.

दुसरी तक्रार रबराची. अर्धी तोडलेली गोळी चिरेत नीट बसत नाही, आणि टोपी ओलसर असेल तर कॅप्सूल तिला चिकटून तशीच बाहेर येते. म्हणून दर वेळी ती कोरडी पुसावी लागते. सहाव्या आठवड्यात बोक्याने टोपीचा नखाएवढा तुकडा तोडला. तो जमिनीवर सापडला म्हणून निभावले, पोटात गेला असता तर निराळेच दुखणे ओढवले असते. सुटी टोपी कुठे मिळत नाही.

कुत्रा असेल तर ही वस्तू घेण्याची घाई करू नये. एक घास साधा, दुसऱ्यात गोळी आणि लगोलग समोर धरलेला तिसरा साधा, ही युक्ती पुष्कळ कुत्र्यांना पुरते. मात्र त्यासाठी शेंगदाण्याचे लोणी वापरायचे तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नसल्याची खात्री करावी, कारण झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असते. मांजर टॉवेलातही अजिबात आवरत नसेल, तर पिचकारीने झटापट वाढण्याचीच शक्यता अधिक. मेथिमाझोल कानाच्या आतल्या त्वचेला लावायच्या मलमाच्या रूपातही देता येते. त्याबद्दल पशुवैद्यांना विचारावे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा माहितीपत्रकासाठी कापला, एक टोपीसाठी. तरीही गेल्या आठवड्यात मी याच बनावटीची दुसरी पिचकारी आणली. नळी कपाटात पडून आहे, टोपी तेवढी जुनीला बसवली आहे.