३०० एमबीपीएसवरून १०० वर आलो आणि गेम सुधारला : कोथरूडमधले आठ महिने

आधी माझा प्रकार सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी व्हॅलोरंट खेळतो, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २; दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे गेम. वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकरा. दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. घर कोथरूडला, तिसरा मजला, एकाच नेटवर चौघं.

आधी गल्लीतल्या केबलवाल्याचं ५० एमबीपीएस होतं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, दुपारी १२, रात्री दहाला ६५. ट्रेसर्ट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर रात्री माझा डेटा मुंबईला जाण्याआधी चेन्नईची वारी करून येत होता. पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदाचं काम. बाकीचा वेळ वळशांचा आणि वाटेतल्या डब्यांचा. केबलवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "स्पीड तर येतोय ना?" येत होता. तक्रार संपली.

जूनमध्ये एका मोठ्या कंपनीचं फायबर घेतलं. ३०० चा प्लॅन, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. जाहिरातीत ९९९, वर १८ टक्के जीएसटी, हातात पडेपर्यंत महिना ११७९. तीनशेच का? तर प्लॅनच्या नावात 'गेमिंग' होतं म्हणून. सामना चालू असताना गेम एक-दोन एमबीपीएसच्या वर काही खात नाही, हे मला माहीत होतं. तरी घेतला. माणूस थाळी परवडते म्हणून थाळी मागवतो, तसंच.

पहिल्या आठवड्यात मात्र खूश होतो. पिंग ८-९, रात्रीसुद्धा. मग आकडा मध्येच ६० वर उडी मारायला लागला. दोष कंपनीचा नव्हता. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, माझी खोली पलीकडे, मध्ये भिंत आणि लोखंडी कपाट. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ बँड तिथवर पोहोचेना, आणि २.४ च्या बँडवर आमच्या सोसायटीत तीसेक नेटवर्क एकमेकांच्या डोक्यावर बसलेली; त्या बँडमध्ये एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेवटी वीस मीटर कॅट-६ ची नेटवर्क वायर आणली आणि चौकटीच्या कडेकडेने खिळ्यांवर नेली. आई म्हणाली, घर आहे की टेलिफोन एक्स्चेंज. पण उड्या त्या दिवसापासून बंद. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी पैशात झालेलं काम हेच.

खरी गंमत ऑगस्टमध्ये कळली. धाकट्याने स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) शंभर जीबीच्या वरचा एक गेम उतरवायला लावला आणि माझा पिंग ९ वरून थेट १५०. वायर असूनही! तीनशेची लाइन आहे, मग जागा कमी कशी पडली? तर स्टीम मिळेल तेवढी लाइन भरून टाकतं. पन्नासची असो नाहीतर तीनशेची. लाइन भरली की डेटाची रांग लागते, आणि माझा गोळी झाडल्याचा इवलासा निरोप त्या शंभर जीबीच्या ट्रकांमागे उभा राहतो. अपलोडचंही तेच. आईच्या फोनचे फोटो रात्री बॅकअपला लागले की तोच तमाशा. याला बफरब्लोट म्हणतात.

उपाय राउटरवर असतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळणारी सोय, चालू करायचं आणि मर्यादा लाइनच्या वेगाच्या जरा खाली ठेवायची. मग रांग राउटरच्या हातात राहते आणि तो डेटाच्या छोट्या पाकिटांना आधी वाट देतो. माझ्याकडे मित्राचा एक जुना राउटर पडून होता, त्यावर हे बसवलं. पण त्याचा प्रोसेसर अगदी साधा, १४०-१५० एमबीपीएसच्या पुढे दमायचा. म्हणजे ३०० च्या प्लॅनवर एकतर एसक्यूएम बंद ठेवायचं, नाहीतर अर्धी लाइन सोडून द्यायची. सप्टेंबरमध्ये प्लॅन संपला तेव्हा मी १०० चा घेतला, सहा महिन्यांसाठी. ६९९ आणि जीएसटी धरून ८२५. मर्यादा लावली ९२ ची. आता धाकटा काहीही उतरवत बसला तरी माझा पिंग १३-१४ च्या वर जात नाही. त्याचा गेम उतरायला जास्त वेळ लागतो, त्यावर त्याचं वेगळं मत आहे.

कटकटी. आठ महिन्यांत लाइन पाच वेळा गेली. दोनदा खोदकामात, एकदा गणपतीच्या मांडवाच्या वेळी, बाकी दोन वेळा का ते कुणी सांगितलं नाही. ओएनटीवर (घरातला फायबरचा डबा) सिग्नल गेल्याचा लाल एलओएस दिवा लागला की समजायचं, बहुतेक फायबर तुटलंय. राउटर बंद-चालू करत बसू नये. कस्टमर केअरवर फोन केला की तिकीट मिळतं, ४८ तासांचं आश्वासन मिळतं, आणि राउटर रीस्टार्ट करून बघायला सांगतात. सगळ्यात लांबचा खोळंबा ३१ तासांचा होता. त्यानंतर खालच्या काकांकडून लाइनमन दादांचा नंबर मिळाला. पुढच्या वेळी ते संध्याकाळीच जोडून गेले. नवीन कनेक्शन घेताना मी आता दोनच गोष्टी विचारेन : त्याच इमारतीत ते कुणाकडे आहे, आणि लाइनमनचा नंबर आहे का. शेजाऱ्याकडे रात्री दहाला बसून मुंबईचा पिंग बघितला की स्पीड टेस्टची गरजच उरत नाही.

विजेचं एक बरं झालं. केबलवाल्याचा नेटवर्क स्विच शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर होता. गुरुवारी महावितरणचं काम निघालं की माझ्या घरी वीज असो नसो, नेट गायब. या फायबरला इमारतीतला स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा डबा) विजेशिवाय चालतो. ओएनटी आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला की पुरे. मी लॅपटॉपवर खेळतो, म्हणून मला उपयोग. डेस्कटॉपवाल्यांनी यावर पैसे घालवू नयेत.

स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा घराचा स्वतःचा कायमचा पत्ता, तोही घेतला होता, महिन्याला वेगळे पैसे देऊन. नाशिकच्या मावसभावासाठी घरच्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवायचा होता, आणि राउटरच्या पानावर आयपी १०० आणि पुढे ६४ असा दिसत होता. म्हणजे कंपनीने अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवलेलं, बाहेरून आत यायला वाट नाही. व्हॅलोरंटला त्याने काही फरक पडत नाही.

या महिनाअखेर रिचार्ज संपतोय. प्लॅन १०० चाच ठेवतोय. स्टॅटिक आयपी काढून टाकतोय. मावसभाऊ दहावीला आहे आणि मावशीने सर्व्हर कुठे आहे ते शोधून काढलंय.