लांब इंग्रजी शब्द तोडावा कसा : उच्चाराने की अर्थाने?

लांबलचक इंग्रजी शब्द दोन तऱ्हांनी तोडता येतो : प्रत्येक तुकड्यात एकच स्वरध्वनी येईल अशा बेताने, म्हणजे सिलॅबलनुसार, किंवा उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय सुटे करून. ‘इंटरनॅशनल’चे पहिल्या तऱ्हेने 5 तुकडे पडतात, दुसऱ्या तऱ्हेने 3.

अडखळत वाचणाऱ्याने सिलॅबलपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ‘डिनर’ आणि ‘डायनर’ यांच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे तो एका ‘एन’चा. दोन ‘एन’ असले की शब्द त्यांच्या मधोमध तुटतो, पहिला तुकडा व्यंजनाने बंद होतो आणि त्यातला स्वर ऱ्हस्व राहतो. एकच असला की तो पुढच्या तुकड्यात जातो आणि मागे उघडा राहिलेला ‘आय’ आपल्या नावाप्रमाणे उच्चारला जातो. मात्र हा नियम हमखास नाही. आपण जिला ‘केबिन’ म्हणतो ती इंग्रजीत ‘कॅबिन’ आहे, कारण तिथे एकटा ‘बी’ पहिल्याच तुकड्यात राहतो. (शब्दकोशातल्या ठिपक्यांवरही विसंबू नये, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा, एवढेच ते पुष्कळदा सांगतात.)

अर्थ आणि स्पेलिंग यांसाठी मात्र दुसरी पद्धत निःसंशय सरस आहे. ‘साइन’मधला मुका ‘जी’ निष्कारण वाटतो, पण ‘सिग्नेचर’मध्ये तोच बोलू लागतो. ‘हेलिकॉप्टर’ कानाला ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तुटतो. मुळात ते मळसूत्र आणि पंख या अर्थांचे दोन ग्रीक शब्द असून पंखाचा ‘प्टर’ हाच ‘टेरोडॅक्टिल’ (नामशेष झालेला उडणारा सरीसृप) या शब्दाच्या आरंभी मुक्या ‘पी’सह येतो. ही पद्धत उच्चारात मात्र तोकडी पडते : ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटॉग्रफी’ यांचे मूळ भाग तेच, पण आघात (उच्चारातला जोर) पहिल्या सिलॅबलवरून दुसऱ्यावर सरकतो. शिवाय ‘अंकल’च्या सुरुवातीला ‘अन’ हा उपसर्ग शोधणाराही भेटतोच.

वाचन जमू लागलेल्याने आधी ओळखीचे उपसर्ग-प्रत्यय सोलावेत आणि उरलेला गाभाच सिलॅबलनुसार तोडावा. ‘अनकम्फर्टेबल’मधून ‘अन’ आणि ‘एबल’ काढले की ‘कम्फर्ट’ उरतो, तो ‘एम’ आणि ‘एफ’ यांच्यामध्ये तोडला की झाले. बोलताना 5 सिलॅबलचा हा शब्द अनेक जण 4 सिलॅबलमध्ये उरकतात, ते कानानेच शिकावे लागते.