आरशातलं बटण आणि अंगणातलं गेट: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडीच्या आतल्या आरशाखाली तीन छोटी बटणं असतात आणि त्यातलं एक दाबलं की घराचं गेट उघडतं. ही सोय मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरते आहे. मध्ये अख्खा पावसाळा गेला, चवथ (गणपती) गेली, आता दिवाळीनंतर सवडीने लिहिते आहे. सोय आवडली का? आवडली. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या पावसात काच खाली न करता, पर्समध्ये रिमोट न चाचपता थेट पोर्चमध्ये शिरता येतं, याचं मोल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण याविषयी जे काही वाचायला मिळालं ते सगळं बटण 'कसं शिकवायचं', म्हणजे गेटच्या रिमोटचा सिग्नल त्यात कसा भरायचा, याबद्दल होतं. त्याच बटणामुळे गेट कुणाच्या अंगावर येऊ शकतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून माझा भर त्यावरच आहे.

गाडी सेकंडहँड, मुंबईहून आणलेली. कुठल्या कंपनीची, गेटची मोटर कुणाची, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं. या प्रकारातलं जगभर माहीत असलेलं नाव म्हणजे होमलिंक. अमेरिकेत ही बटणं घराला लागून असलेल्या बंद गराजच्या, वर सरकणाऱ्या दारासाठी निघाली. आपल्याकडे तसलं गराज क्वचितच दिसतं. चिऱ्यांचं कंपाउंड, त्याला ट्रॅकवरून सरकणारं लोखंडी गेट, आत पोर्च, ही आपली पद्धत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातल्या 100 पैकी सुमारे 45 घरांत कार असल्याचं आढळलं, आणि हे प्रमाण तेव्हा देशात सर्वांत जास्त होतं. त्यामुळे मोटर लावलेली गेटं आता आमच्या वाड्यावरही घरोघरी दिसतात.

फरक लक्षात घ्या. वरून येणारं दार आणि आडवं धावणारं तीन-चारशे किलोचं गेट, दोन्ही माणसाला दाबू शकतात, पण गेटला आणखी एक जागा असते: उघडताना गेटचं मागचं टोक आणि भिंत किंवा खांब यांच्यातली फट. लहान मुलं नेमकी तिथेच उभी राहतात, कारण सरकणारं गेट बघायला तिथून मजा येते. शिवाय ट्रॅकच्या शेवटी भक्कम स्टॉपर नसेल तर गेट सरकत सरकत रोलरमधून बाहेर पडून आडवं कोसळू शकतं. बटण शिकवायच्या आधी मोटर सोडवून गेट हाताने दोन्ही टोकांना नेऊन बघा. आमच्या स्टॉपरचं वेल्डिंग गंजून हलत होतं. ते आधी करून घेतलं.

आता बटणाकडे येते. ते फक्त हुकूम सोडतं, उलट उत्तर काही येत नाही. आरशातला दिवा लुकलुकतो, पण तो सिग्नल गेल्याचा, गेट हलल्याचा नव्हे. हातातल्या रिमोटचंही तसंच, पण रिमोट दाबताना माणूस बहुतेक वेळा गेटसमोर असतो. गाडीतल्या बटणाने हळूहळू सवय अशी लागते की वळणावरूनच दाबायचं, म्हणजे पोचेपर्यंत गेट उघडलेलं असतं. आणि निघताना तर बघायचंही नाही, बाहेर पडलं की दाबायचं आणि चालू लागायचं. काही महागड्या गाड्या याच्याही पुढे गेल्यात. घर जवळ आलं की नकाशावरून ओळखून आपणच सिग्नल सोडायचा आणि लांब गेलं की गेट बंद करायचं, अशी सेटिंग टेस्लात आहे. माझ्या गाडीत ती नाही आणि असती तरी मी बंद ठेवली असती.

जुलैच्या मध्यावर काय झालं ते सांगते. मुसळधार पाऊस लागला की गेट बंद होता होता मध्येच थांबायचं आणि परत उघडायचं. मोटर बसवणाऱ्याला फोन केला. त्याचा मुलगा आला, दहा मिनिटांत "झालं मॅडम" म्हणून गेला. मी कामावर होते. पुढचे काही दिवस गेट एकदम शहाण्यासारखं चाललं. मग एका सकाळी मी नेहमीप्रमाणे बाहेर पडून बटण दाबलं आणि वळणाच्या पलीकडे गेले. सासूबाई तेवढ्यात पारिजातकाची फुलं वेचायला गेटाबाहेर निघाल्या होत्या, छत्री उघडून. मिटत आलेलं गेट त्यांच्या छत्रीला लागलं, दोन काड्या मोडल्या, छत्री खांबात चेपली आणि मग कुठे मोटर थांबली. त्यांना काही लागलं नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "गेट अंगावर आलं गो माझ्या. थांबलंच नाही."

थांबायला हवं होतं. दोन खांबांवर समोरासमोर दोन डबे असतात, फोटोसेल. त्यांच्यातली न दिसणारी किरणांची रेघ तुटली की बंद होणारं गेट थांबून उलटं फिरतं. मी मोटरचं झाकण काढलं. आतल्या सर्किट बोर्डावर टर्मिनलची, म्हणजे वायरी जोडायच्या स्क्रूंची, ओळ असते; तिच्यातून फोटोसेलच्या दोन वायरी सोडवून, त्यांना काळी टेप गुंडाळून बाजूला दडवलेलं होतं. त्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढी लाल वायर, दोन स्क्रूंच्या मध्ये वाकवून घट्ट पिळलेली. जंपर. फोटोसेलचं सर्किट असं असतं की वाट मोकळी असेपर्यंत ते जोडलेलं राहतं आणि मध्ये काही आलं, वायर तुटली, सेल मेला, की सुटतं. म्हणजे काही बिघडलं तर गेट बंदच होणार नाही, अशी ती रचना. जंपर मारला की बोर्डाला कायमचा निरोप मिळतो: वाट मोकळी आहे, खुशाल बंद कर.

फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "पावसांत फोटोसेल अशेंच करता बाय, सगळ्यांकडे तेंच करतां आमी." सगळ्यांकडे, हे मला जास्त भीतीदायक वाटलं.

खरा बिघाड काय होता, तर एका डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं आणि वायर शिरते त्या भोकातून पाणी आत ओघळत होतं. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने डबे बदलून भोकाला ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावली, वर पत्र्याची छोटी टोपी बसवली, आणि त्यानंतर तक्रार नाही. महिन्याकाठी झाकण उघडून मुंग्या, पाली, कोळिष्टकं बघायची, एवढंच. ज्यांच्या घरी मोटरचं गेट आहे त्यांनी आजच एक करा: गेट बंद होत असताना लांब काठी फोटोसेलच्या रेषेत धरा. गेट थांबलं नाही तर झाकण उघडून ती वायर शोधा.

फोटोसेल किती उंचीवर असावा हेही इथे कुणी विचारात घेत नाही. आमचे होते कमरेच्या जरा खाली, गाडीच्या बॉनेटला पुरतील असे. रांगणारं मूल किंवा कुत्रं त्याखालून सहज जाईल. अमेरिकेत हे कायद्याने बांधलेलं आहे. 1990 च्या कायद्यानंतर 1 जानेवारी 1993 पासून बनलेल्या घरगुती गराज-ओपनरला (दार उघडणाऱ्या मोटरला) दाब लागताच उलटं फिरणं पुरेसं धरत नाहीत, फोटोसेल किंवा कडेची संवेदनशील पट्टी असं दुसरं संरक्षणही लागतं, आणि फोटोसेल जमिनीपासून 6 इंचांच्या वर नको. होमलिंकच्या सूचनांत तर 1 एप्रिल 1982 च्या आधी बनलेल्या, अडथळा आल्यावर थांबून उलटं न फिरणाऱ्या दाराला हे बटण जोडूच नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे बटण बनवणाराच सांगतो की सुरक्षितता दारात असली पाहिजे. आपल्याकडे मोटर बसवणारा हे पान कधी उघडतो?

6 इंच उंचीवर आमच्याकडे आणखी एक पंचाईत आहे. उंच गाडी गेटमध्ये थांबली तर रेघ दोन चाकांच्या मधून, गाडीच्या पोटाखालून आरपार जाते आणि गेटला वाटतं की समोर काहीच नाही. त्यात लाल चिखलाचे शिंतोडे. शेवटी दोन जोड्या लावायचं ठरलं, एक खाली, एक वर. खालची जोडी पावसात दर आठवड्याला फडक्याने पुसावी लागते. पुसते.

पुढचा त्रास एकाच बटणाचा. बहुतेक बोर्डांवर मूळ सेटिंग असं असतं: एकदा दाबलं की उघड, परत दाबलं की थांब, परत दाबलं की बंद. चवथीला गावाहून माणसं आलेली, मागे दोन स्कूटर, मी आरशातलं बटण दाबलं आणि त्याच क्षणी नवऱ्याने आतून रिमोट दाबला, मी येताना बघून. गेट अर्ध्यावर थांबलं. मी परत दाबलं, ते बंद व्हायला लागलं, आणि पुढची स्कूटर माझ्या बाजूने आत शिरायच्या बेतात. कुणाचाच दोष नाही, दोघेही मदतच करत होते. उपाय सोपा निघाला, पण तो कुणी आपणहून सांगत नाही. बोर्डावर 'फक्त उघड' आणि 'फक्त बंद' अशी वेगळी टर्मिनल असतात. दोन रिले (सिग्नल आला की आपोआप जोडले जाणारे स्विच) असलेला बाहेरचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणारा डबा, घेतला, एक रिले एका टर्मिनलला, दुसरा दुसऱ्याला. आता आरशातलं पहिलं बटण कितीही वेळा दाबा, गेट उघडंच राहतं. बंद करायला दुसरं. आपोआप बंद होण्याचा टायमरही काढून टाकला. या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झाले असं वाटलेला बदल हाच.

रिसीव्हर बदलायचाच होता, कारण जुना फिक्स कोडचा, म्हणजे दर वेळी तोच सिग्नल मानणारा, होता. हे ओळखायची खूण: हातातला रिमोट आरशाजवळ धरून बटण दाबलं, आरशाने सिग्नल उचलला आणि गेट लगेच उघडलं, मोटरकडे जाऊन काही करावं लागलं नाही, तर कोड बहुधा फिक्स आहे. रोलिंग कोडमध्ये रिसीव्हरवरचं 'लर्न' बटण दाबण्याची दुसरी पायरी लागते, कारण प्रत्येक वेळी जाणारा कोड वेगळा असतो. आरशाने जे एका मिनिटात शिकलं ते रस्त्यावर उभा राहून दुसरं कुणीही शिकू शकतं. बाजारात चावीवाल्याकडे रिमोटची कॉपी मारून मिळते ती याच जोरावर. 2015 मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने मॅटेल कंपनीचं मुलांचं एक बंद पडलेलं खेळणं जरा बदलून फिक्स कोडची गराज-दारं 10 सेकंदांच्या आत उघडून दाखवली. 12 बिटांचा (0 किंवा 1 असे 12 आकडे असलेला) कोड म्हणजे फक्त 4096 शक्यता, आणि त्या एकामागोमाग एक न सोडता एकमेकांत गुंफून सोडल्या की वेळ लागतच नाही. त्याच वर्षी त्याने रोलिंग कोडचा सिग्नल अडवून साठवणारं यंत्रही दाखवलं, म्हणजे तोही अभेद्य नव्हे. पण चोराला चावीवाल्याकडून कॉपी मारता येऊ नये, एवढ्यासाठी तरी तो हवाच. रिसीव्हर घेताना गाडीच्या आरशाशी जमतो का ते आधी तपासा. पहिला आणलेला आरशाने ओळखलाच नाही, परत करावा लागला.

आणि गाडी स्वतःच चावी झाली आहे, हे विसरायला होतं. काही गाड्यांत ही बटणं इंजिन बंद असतानाही चालतात. पणजीत हॉटेलच्या व्हॅलेकडे, म्हणजे गाडी नेऊन लावणाऱ्या माणसाकडे, गाडी दिली की डॅशबोर्डमध्ये घराचा पत्ता असलेले कागद, नकाशात 'घर' आणि आरशात गेट, सगळं एकदम दिलं जातं. सर्व्हिसिंगला टाकतानाही तेच. माझ्याकडे आली तेव्हा या गाडीच्या आरशात आधीच्या मालकाचं काहीतरी शिकवलेलं असणारच. मुंबईतल्या कुठल्या सोसायटीचं गेट मी फोंड्यात बसून उघडू बघत होते कुणास ठाऊक. होमलिंकमध्ये दोन टोकांची बटणं एकत्र दाबून धरली की दिवा भराभर लुकलुकायला लागतो आणि सगळं पुसलं जातं. गाडी विकताना हे करा, विकत घेतल्यावरही करा.

लायट गेल्याचं थोडक्यात. गेट हाताने सोडवायची किल्ली घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी, आणि ती मोटरच्या डब्यात नको. आमच्या घरी सासूबाईंना गेट सोडवता येईना, लिव्हर इतका घट्ट होता. ग्रीस लावून घेतलं. कॅलिफोर्नियात 2017 च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना गराज उघडता आलं नाही, म्हणून तिथे 1 जुलै 2019 पासून ओपनरला बॅटरी सक्तीची केली. आमचं गेट आता इन्व्हर्टरवर आहे.

ज्यांचं गेट रस्त्याला लागून आहे आणि रस्त्यावरून शाळेची मुलं जातात, त्यांनी गाडीतून बंद करण्याचं बटण शिकवूच नये असं माझं मत आहे. उघडायला गाडीतून, बंद करायला गेटसमोर उभं राहून. आमच्याकडेही रविवारी भाचरं येतात तेव्हा मी दुसरं बटण वापरत नाही, खाली उतरते. गेटच्या पुढच्या कडेला रबरची सेफ्टी पट्टी अजून लावायची राहिली आहे. पहिल्या माणसाने सांगितलं गोव्यात मिळत नाही, दुसऱ्याने मागवली आहे. मोटरचा जोर कमी करून बघितला, पण ट्रॅकवर आंब्याचा पाला साचला की गेट मध्येच अडकतं, म्हणून पट्टी येईपर्यंत ट्रॅक रोज झाडायचं काम माझ्याकडे आहे.