विश्रामबागेतला रविवारचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा क्लास, चार रविवार केल्यावर

सांगलीत विश्रामबागेत ही छोटी बॅच चालते, चार रविवार, दोन-दोन तास, फी 2000. विषय एकच, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि एस्कलेशन, म्हणजे भांडण चिघळणं, आणि ते चिघळू न देता कसं हाताळायचं. यूपीएससीसाठी म्हणून लावली पण खरं कारण घरची द्राक्षं. आम्ही तासगावकडचे. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळं जहाजं तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागली, दिवस वाढले, भाडं वाढलं आणि वडील रोज विचारायचे, अमेरिका एवढी मोठी मग यांना गप का करत नाही? मला सांगता यायचं नाही.

पहिला रविवार एकट्या क्यूबाचा आणि तो लय भारी झाला. ऑक्टोबर 1962. सोव्हिएत रशियानं क्यूबात अण्वस्त्रं ठेवली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी नौदल लावून तिकडं जाणारी जहाजं अडवली पण त्याला 'नाकेबंदी' न म्हणता 'क्वारंटाइन' म्हटलं, कारण नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती. वर तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुपचूप कबूल केलं, म्हणजे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला माघारी फिरायला वाट ठेवली. सर म्हणाले ह्याच दिवसांत, 20 ऑक्टोबरला, चीननं आपल्यावर हल्ला केला, आणि पुढं महिन्याभरात आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अंगावर काटा आला, दोन्ही गोष्टी मी कायम वेगवेगळ्या पाठ केलेल्या. 1963 ची वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन पण टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता, घाईत तोंडातनं भलतं जाऊ नये म्हणून लिहून बोलायचं.

दुसऱ्या रविवारी इराण. 3 जानेवारी 2020 ला अमेरिकेनं बगदादमध्ये इराणचे सेनानी सुलेमानींना मारलं, 8 तारखेला इराणनं इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं टाकली पण इराकला आधी कळवून, एकही अमेरिकी मेला नाही आणि दोघं तिथंच थांबले. सगळे याला यशस्वी उदाहरण म्हणतात. पण त्याच पहाटे इराणच्याच हवाई संरक्षण दलानं तेहरानवरनं उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान चुकून पाडलं, 176 माणसं गेली. सर हे सांगून जरा वेळ थांबले. मला हा क्लास आवडला तो ह्याच्यासाठी, की मोठ्यांनी भांडण आवरलं तरी मधल्यामध्ये कोण मेलं हे पण मोजलं.

वडिलांचं उत्तर तिसऱ्या रविवारी मिळालं. अमेरिकेनं जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनला घेऊन येमेनवर हल्ले केले पण हुथींना हत्यारं पुरवणाऱ्या इराणवर तेव्हा हात टाकला नाही, तिकडं पेटलं असतं तर इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतनं येणारं तेल अडकलं असतं. आणि नुसत्या हल्ल्यांनी जहाज कंपन्यांची भीती जात नाही, विमा स्वस्त होत नाही. घरी सांगितलं तर वडील म्हणाले मग आम्ही मधल्यामध्येच की.

चौथा रविवार मात्र फसला. युक्रेन घाईत, आणि तैवान शेवटच्या अर्ध्या तासात, अमेरिकेचा 1979 चा तैवान संबंध कायदा स्क्रीनवरनं वाचून दाखवला, पण चीन चालून आला तर लढणार का नाही हे अमेरिका मुद्दाम संदिग्ध का ठेवते हे समजावलंच नाही. कारगिल पण नाही, 4 जुलै 1999 ला पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावले ते आपल्या पोरांना शिकवायलाच पाहिजे. शिकवणं मराठीत आणि नोट्स सगळ्या इंग्रजीत, खेड्यातनं येणाऱ्यांना त्रास होतो, मी सरांना तोंडावर बोललो.

तरी लावा. पत्र्याचा हॉल आहे, पाण्याची बाटली न्या, आणि क्यूबाचा रविवार चुकवू नका.