कीपासएक्ससी, आठ महिन्यांनंतर: दीडशे पार्ट्यांचे पासवर्ड ब्राउझरमधून हलवले

मी इचलकरंजीत घरून जीएसटी आणि आयकराचे रिटर्न भरते. दीडशेच्या आसपास पार्ट्या, म्हणजे माझे ग्राहक; प्रत्येकीचे दोन-तीन पोर्टलचे पासवर्ड. ब्राउझर 'सेव्ह करू का' विचारायचा, मी हो म्हणायचे. अशी कित्येक वर्षं गेली. आता आठ महिने ते कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवते.

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं. सोबतच्या सूचनेप्रमाणे अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला. वरवर काहीच बिघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ईमेलमध्ये परदेशातून लॉगिन झाल्याची सूचना आली. पुढचे चार दिवस मी एकेका पार्टीला फोन करून पासवर्ड बदलत होते. एक काका एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर दिलं होतं हो." ते अजून मनातून जात नाही.

मग सगळं समजून घेतलं. विंडोजवर क्रोम पासवर्ड एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे कुलूपबंद ठेवतं, पण त्याची किल्ली वर्षानुवर्षं फक्त विंडोजच्या लॉगिनला बांधलेली होती. आपण लॉगिन केलं की आपल्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ती मागू शकायचा. पासवर्ड दाखवताना विचारला जाणारा पिन शेजारी बसलेल्या माणसाला अडवतो, अशा प्रोग्रामला नाही. रेडलाइन, लुमा हे इन्फोस्टीलर, म्हणजे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम, यावरच जगले. जुलै 2024 मध्ये क्रोम 127 ने किल्ली थेट ब्राउझरला बांधायला सुरुवात केली, आधी कुकीजसाठी, म्हणजे आपण लॉगिन केलेलं लक्षात ठेवणाऱ्या नोंदींसाठी. काही आठवड्यांतच चोरांनी त्यातूनही वाट काढली.

कीपासएक्ससी फुकट आणि ओपन सोर्स आहे. सगळे पासवर्ड आपल्याच मशीनवरच्या एका फाइलीत राहतात आणि ती मुख्य पासवर्डशिवाय उघडत नाही. पाच मिनिटं हात लावला नाही की कुलूप लागेल असं मी ठेवलंय. पहिले दोन आठवडे फार त्रास झाला, विशेषतः जीएसटी रिटर्नच्या 20 तारखेच्या घाईत. आता हात बसलाय. सगळ्यात उपयोगी पडली ती पत्त्याची पारख: 'रिफंड मंजूर' म्हणून आलेल्या एका लिंकवर आयकरासारखंच हुबेहूब पान उघडलं, पण पत्ता वेगळा असल्यामुळे त्याने पासवर्ड सुचवलाच नाही. तिथेच मी थांबले.

ब्राउझरमधून पासवर्ड बाहेर काढताना सीएसव्ही फाइल तयार होते, ती उघडी वाचता येते. काम झालं की रिसायकल बिनमधूनही काढा, आणि ब्राउझरमधले जुने पासवर्ड पुसा. मी ते महिनाभर विसरले होते.

उणिवाही आहेत. सिंक, म्हणजे तीच फाइल दुसऱ्या मशीनवर नेणं, आपलं आपण करायचं. मी पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवते. मुख्य पासवर्ड विसरलात तर कोणीही उघडून देणार नाही, म्हणून तो कागदावर लिहून पाकीट कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलंय. आणि फाइल उघडी असताना मशीनमध्ये चोर असेल, तर हेही वाचवू शकत नाही. लॉगिनच्या कुकीज तर ब्राउझरमध्येच राहतात; काम संपलं की मी लॉगआउट करते. भाच्याला विंडोजचं वेगळं खातं दिलंय, ॲडमिनचे अधिकार न देता.

हे सगळं आवरताना ब्राउझरमध्ये 9 जुन्या पार्ट्यांचे पासवर्ड सापडले. त्यांचं काम मी 2019 नंतर केलेलंच नाही. सात जणांना गाठून बदलायला लावले. दोघांचे नंबर बदललेत; त्यांच्या दुकानांचे पत्ते शोधतेय.